आबांनी टेबलावर ठोकलेला पत्रा

ग्रुपवरच्या मंडळींनो, आज दुकानात जे झालं ते लिहितेय.

पनवेलच्या माझ्या नव्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानासाठी आज टेबलावर अंथरायला, शॉक लागू नये म्हणून तुम्ही सुचवलेली रबरी मॅट आणली. आत शिरले तर टेबल चकाकत होतं! सकाळीच आमच्या गावाहून, उरणजवळच्या करंजाहून आलेल्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यावर अॅल्युमिनियमचा पत्रा ठोकला होता. गावी आमच्या मासळी विकायच्या टेबलावर असतो तसाच, कडा सुबक दुमडलेला.

"बग, पानी मारलं की साफ! तुज्या पोरांपर्यंत हालनार नाय."

पत्र्यावर त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या टीव्हीचं उघडं सर्किट परत ठेवलं होतं. त्याचा प्लग सॉकेटमध्येच होता. मी ओरडणार, एवढ्यात पत्रा नीट दिसावा म्हणून त्यांनी दिव्याचं समजून एक बटण दाबलं. ते टीव्हीचं निघालं. त्यांचा दुसरा हात पत्र्यावर होता.

ठिणगी उडाली आणि पत्र्यातून शॉक बसून आबा मागे फेकले गेले. मी मेन स्विच बंद केला.

"आबा, बोल ना रे!"

त्यांनी डोळे उघडले. "लोकांचा टीवी गेला काय गो?"

मला रडूच फुटलं. डॉक्टरांनी तपासलं, आबा ठीक आहेत. पत्रा काढून मी मॅट अंथरली.

मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. सर्किटखाली धातू का नको, हे आबांना दोन वाक्यांत कळलं असतं. पण त्यांना यातलं काय कळणार, असं मीच ठरवून टाकलं होतं.

तुमच्या कामात धोका कुठे आहे, हे तुमच्या घरी कुणाला माहीत आहे का?