तिसरा रकाना

अध्यापक विद्यालयात सगळे तिला तोंडावर 'बाई' म्हणत आणि पाठ वळली की 'टाचणबाई'. नव्या शिक्षकांना पाठाचं टाचण काढायला, म्हणजे वर्गात जाण्याआधी तासाची मिनिटामिनिटाची आखणी करायला, ती सव्वीस वर्षं शिकवत होती. टाचणाचे रकाने चार. मुद्दा, शिक्षकाचा प्रश्न, मुलांचं उत्तर आणि फळ्यावर काय लिहायचं ते. त्यातला तिसरा तिचा लाडका.

"मुलं काय म्हणतील हे ठाऊक नसेल, तर वर्गात पाऊल टाकायचं नाही," ती दर वर्षी पहिल्याच दिवशी बजावायची.

"ते मुलांना तरी आधी ठाऊक असतं का, बाई?" एखादा आगाऊ विचारायचाच.

"त्यांना नसेल. तुला असलं पाहिजे."

घरीही तेच. नवरा म्हणायचा, "भाजी आणायला निघालीस तरी आधी हेतू सांगतेस. चालू पड आता, घंटा होईल." लांबच्या गावी राहणारी मुलगी दर रविवारी फोन करी. ती काय विचारणार, आपण काय सांगणार, हे बाईच्या मनात शनिवारीच तयार असे. फोन ठरल्याप्रमाणे होई आणि सात मिनिटांत संपे.

सरावाचे पाठ शेजारच्या शाळेत व्हायचे, पाचवीच्या वर्गावर. मागच्या बाकावर बसून बाई लाल पेनानं गुणतक्ता भरायची. तो तक्ताही तिनंच तयार केलेला होता. शंभरातले चाळीस गुण शेवटच्या पंधरा मिनिटांचे: दृढीकरण, म्हणजे शिकवलेलं पक्कं करून घेणं, मग घरचा अभ्यास, आणि वेळेत आटोपणं. घंटा आधी झाली की तिन्ही ठिकाणी शून्य. अर्ध्या गुणानं नापास झालेले बाईला अजून चेहऱ्यानिशी आठवत.

त्या वर्षी तिच्या वर्गात एक बत्तीस वर्षांची विद्यार्थिनी होती. आधी नऊ वर्षं कापडाच्या दुकानात काउंटरवर उभी राहिलेली, म्हणून तिला सगळे 'मीटर' म्हणत. परीक्षेच्या अंतिम पाठात ती दोनदा नापास झाली होती. संधी तीनच. तिसरी गेली की शिक्षिका होणं संपलं, पुन्हा काउंटर.

"अगं, प्रत्येक वेळी घड्याळ कुठे हरवतेस तू?" बाईनं तिला विचारलं होतं.

"समोरच्याला पटेपर्यंत थांबता येत नाही, बाई. दुकानातली खोड."

तिच्या तिसऱ्या पाठाला बाई आणि प्राचार्य दोघंही मागे बसले. विषय अपूर्णांक. मीटरनं कागदाची गोल चकती काढली, एकदा दुमडली, दुसऱ्यांदा दुमडली. अजून तिनं तोंडही उघडलं नव्हतं, तोच पहिल्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी उभी राहून म्हणाली, "एक चतुर्थांश!" मागोमाग अख्खा वर्ग ओरडला, "एक चतुर्थांश!"

प्राचार्यांनी मान डोलावली. मीटर मात्र थबकली. तिनं चकती टेबलावर ठेवली, पिशवीतून निळी फीत काढली आणि दोन्ही हातांत ताणून धरली.

"आता हिचा चौथा भाग दाखवा बघू."

कुणी हललं नाही.  शेवटी वेण्यांची मुलगी हळूच, मीटरची चूक सांभाळून घेतल्यासारखी म्हणाली, "बाई, हे टाचणात नाहीये."

मीटर हसली नाही. ती फीत घेऊन बाकाबाकांतून फिरली. कुणी फितीचं टोक धरलं, कुणी ती चकतीसारखी गोल गुंडाळून बघितली. दोघातिघांना दुमडता आली. तेवढ्यात घंटा झाली. फळा अर्धा कोरा होता.

मागच्या बाकावर टाचणबाई मनात हिशेब करत होती. या वर्षी या पोरांना चकतीचा पाठ किती वेळा झाला? सरावाचेच अकरा. अकरा वेळा तिसरा रकाना तंतोतंत खरा ठरला होता आणि अकरा वेळा तिनं खूश होऊन बरोबरची खूण केली होती.

वर्ग सुटल्यावर तिनं वेण्यांच्या मुलीला थांबवलं, फीत तिच्या हातात दिली.

"घाबरू नकोस. चौथा भाग कुठवर येईल?"

मुलीनं फीत पाहिली, मग बाईचा चेहरा निरखला. "काय उत्तर द्यायचं असतं, बाई?"

दुपारी प्राचार्यांच्या खोलीत दोघांचे गुण मांडले गेले. प्राचार्यांचे अडतीस होते. बाईनं शेवटचे तीन भाग सोडून बाकी सगळीकडे पैकीच्या पैकी दिले होते.

"साठ? तुम्ही?" प्राचार्य चष्मा काढून बघत राहिले. "पण सरासरी एकोणपन्नासच येते हो. पन्नास लागतात."

"माहीत आहे."

"मग दृढीकरणात दोन टाका. मी काही बोलणार नाही."

बाईनं पेन त्या चौकटीवर नेलं. दृढीकरण झालं नव्हतं, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. शिवाय आज दोन गुण दिले, तर सव्वीस वर्षांत ज्यांचे कापले त्यांना काय सांगायचं? त्यांच्यातलंही कुणी असंच फीत घेऊन अडलं असेल?  मग तिनं शून्य लिहिलं आणि खाली सही केली.

संध्याकाळी मीटर आपली टाचणाची वही न्यायला आली. निकाल तिला कळला होता.

"माझ्याच तक्त्यानं घात केला तुझा," बाई म्हणाली. "दोन गुण माझ्या हातात होते. दिले नाहीत."

मीटर वही पिशवीत सरकवत म्हणाली, "त्या दोन वेण्यांवालीला कळलं का पण, शेवटी?"

"नाही."

"मग झालं तर. पाठ फसलाच की, बाई." ती दारापर्यंत गेली आणि मागे वळली. "फीत राहू द्या तुमच्याकडे. आमच्या दुकानात ढीगभर आहेत."

रविवारी फोनवर बाईनं न ठरवता आपल्या मुलीला विचारलं, "तुला लहानपणी माझी भीती वाटायची का गं?"  मग मुलगी म्हणाली, "तुला बरं नाहीये का, आई? बाबांना दे बघू जरा."

सोमवारी ती एकटीच पाचवीच्या वर्गात गेली. वही नाही, लाल पेन नाही, मुठीत नुसती फीत. ती टेबलाशी उभी राहिली आणि काय विचारायचं ते तिला सुचेना. चकतीचे प्रश्न मात्र ओळीनं ओठांवर येत होते.

पहिल्या बाकावर वेण्यांच्या मुलीचा हात केव्हाच वर गेला होता.

"अगं, मी अजून काही विचारलंच नाही," बाई म्हणाली.

मुलीनं मान डोलावली. हात तसाच वर होता.