तिच्यावाचून झालेला करार

आमच्या शाळेत नोकरी अकरा महिन्यांची. दर जूनमध्ये नवा करार, नवी सही. माझ्या शेजारच्या वर्गावर विज्ञान शिकवणारी एक तरुण बाई बाळंतपणाला गेली आणि त्या जूनमध्ये तिचा करार निघालाच नाही. तोवर आमची शिक्षक संघटना नावापुरतीच होती. तिच्यासाठी आम्ही पहिल्यांदा एकत्र आलो. मागण्या दोनच: बाळंतपणाची हक्काची रजा, आणि तिला परत कामावर घेणं.

संस्थेशी बोलणी दिवाळीपर्यंत रखडली, मग बंदच पडली. अध्यक्ष भेटत नसत. भेटले तर "बघू" म्हणत. कोर्टाची पायरी चढायची आमच्यात कुणाची हिंमत नव्हती. शेवटी जालन्यातल्या एका वयस्कर मारवाडी व्यापाऱ्यांकडे गेलो. बियाण्यांचं जुनं दुकान, कित्येक पिढ्या इथंच. बाजारातली भांडणं तेच मिटवत. अध्यक्षही त्यांना मानत.

"मी मधी बसतो," सगळं ऐकून ते मला म्हणाले. "पण एक सांगतो बाई, मधी बसणारा कुणालाच पोटभर जेवू घालू शकत न्हाई."

संस्थेच्या कार्यालयात बैठक ठरली. अध्यक्ष आमच्यासमोर बसायला तयार नव्हते, म्हणून आम्ही बाहेर व्हरांड्यात. म्हातारबाबा काठी टेकत आत जात, बाहेर येत. उन्हं कलली तेव्हा ते आले आणि बाकावर धपकन बसले.

"रजेचं पक्कं झालं. लेखी देऊन राह्यलेत. पण त्या बाईला घेत न्हाईत. तिला घेतलं तर आपलं चुकलं असं होतंय, म्हणतेत. लई सांगून पाह्यलं."

मग आमच्यात जोराची वादावादी झाली. मी आणि गणिताचे सर विरोधात होतो. बाकीच्यांनी होकारासाठी हात वर केले. त्यांनाही घरं होती, लेकरं होती. करार मंजूर झाला.

तिला सांगायला वाटूरला तिच्या माहेरी मीच गेले. ती ओसरीत बाळाला तेल चोळत होती. मला बघून तिचा चेहरा फुलला.

"ताई, झालं का बराबर?"

मी सांगितलं. तिचा हात थांबला नाही. बाळाला कुशीवर वळवून ती पाठ चोळत राहिली.

"मंग इतके दिवस माझं नाव कशाला घेतलं?"

तिच्या आईनं चहा आणून ठेवला आणि आत गेली.

"चहा घ्या, ताई," तीच म्हणाली. "गार होऊन राह्यला."

पुढच्या वर्षी इंग्रजीच्या बाईंनी ती रजा घेतली. मुलगी झाली. शिक्षक खोलीत पेढे आले, सगळे हसत होते. विज्ञानाला आता दुसरी बाई आहे, मन लावून शिकवते. तिला यातलं काही ठाऊक नाही.

वाटूरची ती घरीच शिकवण्या घेते असं ऐकते. माझा फोन ती उचलत नाही.