मेजर नावाची घोडी

निवृत्त झालो त्याच महिन्यात मी वाईहून इस्लामपूरला गेलो. तिथून जवळच्या गावात रफिकचं घर. नाईक रफिक मुलाणी आणि मी, हवालदार जाधव, फौजेच्या खेचरं-घोड्यांच्या एकाच कंपनीत होतो. शेवटच्या सुट्टीत त्यानं एक शिंगरू घेतलं आणि त्याचं नाव ठेवलं मेजर. "अरे, मादी आहे ती," मी म्हणालो. "मग मेजरबाई म्हणू," तो म्हणाला. त्यानंतर तो घरी परतला नाही.

शिंगराची घोडी झाली, पण पाठीवर कुणालाच बसू देईना. लोक रफिकच्या वडिलांना म्हणत, विकून टाका. त्यांनी, म्हणजे चाचांनी, मला फोन लावला.

"फौजी, तुमीच या. पोरानं आनलीया. बाजारात न्हाई न्यायची मला."

मी फौजी पद्धतीनं सुरुवात केली. आधी लांब दोरीवर गोल फिरवायचं, मग पाठीवर घोंगडं, मग खोगीर, मग माणूस. मेजरला ही पद्धत मान्य नव्हती. घोंगडं टाकलं की ती चक्क खाली बसायची. ठिबकची काळी नळी दिसली की तिला साप वाटायचा. वाळत घातलेल्या चादरीला भ्यायची, कोंबडीला भ्यायची. एकदा स्वतःच्याच शिंकेला दचकली, मला उकिरड्यात टाकलं आणि गोठ्यात जाऊन उभी राहिली. चाचा बाजेवरून बघत होते.

"लागलं का वो?"

"नाही."

"मग हसू का?"

दुसऱ्या आठवड्यात ती मला घेऊन शांतपणे चालायला लागली. मी तिला रस्त्यावर काढलं. चाचा पुढं चालत होते. वळणावर उसाचा ट्रॅक्टर आला. मागं दोन ट्रेलर, वर कर्कश गाणी. मेजर मागच्या पायांवर उभी राहिली. मी खाली आपटलो आणि डावा पाय रिकिबीत अडकला. आता ती उधळली, तर मी फरफटत जाणार होतो. चाचा नेमके तिच्या वाटेत होते.

"चाचा, बाजूला व्हा!"

ते हलले नाहीत. दोन्ही हात पसरून तिच्यासमोर उभे राहिले.

"उभी ऱ्हा गं. उभी ऱ्हा. माझं पोर हाय त्ये."

ती थरथरत होती, पण थांबली. ट्रॅक्टरवाल्यानं गाणी बंद केली. मी पाय सोडवला.

आम्ही बांधावर बसलो. चाचांनी तेव्हा पहिल्यांदाच विचारलं, "रफिक गेला तवा तुमी कुठं हुता?"

"मागच्या तुकडीत. तो रसद घेऊन पुढं होता. वरून दरड कोसळली. मी ओरडलो, 'रफिक, पळ!' तो आधी खेचरांचे दोर सोडत बसला. तीन खेचरं वाचली. मग मीच वायरलेस सेटवर कळवलं, 'वन मॅन मिसिंग. ओव्हर.' ऐकलं नाही त्यानं माझं."

"आमच्या घरात कुनीच ऐकत न्हाई, फौजी," चाचा म्हणाले आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

परतताना मी पुन्हा वर बसलो. लगाम चाचांनी धरला. घर येईपर्यंत ते रफिकच्या लहानपणीचं सांगत राहिले आणि मेजर मुकाट्यानं चालली.