गुटगुटीत नातू

दवाखान्याच्या मागच्या खोलीत शेंगदाणे भाजायचं काम आक्काकडे होतं. दाणे भाजून, सोलून, दळून त्यात दूधपावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वांची पूड मिसळली, की कुपोषित मुलांना द्यायची पेस्ट तयार. चार दाणे करपले तरी आक्का अख्खी परात बाजूला काढायची. "लेकरांच्या पोटात जायचंय," म्हणायची.

लेक माहेरी आली, ती पोटाशी तान्ही आणि कडेवर दोन वर्षांचा पोरगा घेऊन. त्याचे गाल बघून आक्का हरखलीच. दुसऱ्या दिवशी त्याला उचलून लेकीसकट थेट नर्सबाईंपुढे उभी राहिली.

"बघा बाई, आमच्या घरची पोरं! कसा गुटगुटीत आहे!"

नर्सबाई हसल्या नाहीत. त्यांनी पोराच्या पावलावर अंगठा दाबून धरला आणि काढला. तिथे खळगा पडला, तो काही केल्या भरून येईना. दुसऱ्या पावलावरही तेच.

"आक्का, ही सूज आहे. पोराला पुरेसं खायला मिळालेलं नाही."

"काहीतरीच काय!" आक्का म्हणाली. ती लेकीकडे वळली. "काय घालत होतीस गं याला?"

"पातळ पेज," लेक भेदरून म्हणाली. "तान्ही झाली आणि याचं अंगावरचं दूध तोडलं. खायचा नाही फारसं, पण अंग भरत होतं. मला वाटलं, बाळसं धरतोय."

पोराला दाखल केलं. आधी औषधी दूध, थोडंथोडं. भूक परतल्यावर पेस्ट. सूज उतरत गेली आणि आक्काच्या पायाखालची जमीनच सरकली. गाल गेले, दंड गेले. उरल्या नुसत्या बरगड्या आणि दोन डोळे.

लेकीने हंबरडा फोडला. "आई, तुमच्या त्या पेस्टनं माझं पोर वाळलं!"

"वाळलेलंच होतं गं. सुजेखाली झाकलं होतं," आक्का म्हणाली. नर्सबाईंचेच शब्द होते ते. तिला स्वतःला कुठे पटले होते!

पोरगा वाचला. अंगावर मांस धरू लागलं, पेस्टचं पाकीट कुणी ओढलं तर वॉर्ड डोक्यावर घेऊ लागला. लेकीला सासरी पोचवायला आक्का स्वतः गेली. दारातच विहीणबाईंनी नातवाला न्याहाळलं.

"अगं बाई, किती खराब झाला! आजीनं खायला घातलं नाही वाटतं?"

आक्का तिथेच पायरीवर टेकत म्हणाली, "बसा विहीणबाई. पहिल्यापासून सांगते."