ह्यूच्या आजोबांनी अडवलेले गोल

ह्यू गेल्याचं समीरने मला स्वयंपाकघरातच सांगितलं. मी ह्यूच्याच झाडाच्या लिंबांचं लोणचं बरणीत भरत होते. "आई, ह्यू गेला गं... झोपेतच." हातातला चमचा तसाच राहिला. वेलिंग्टनला मुलाकडे आल्यापासून माझी खरी मैत्री झाली ती या शेजारच्या म्हाताऱ्याशी, आणि तीही फुटबॉलवरून. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, हे विशेष!

लिंबं घेऊन आला की तो आमच्या फाटकाशी थबकायचा, खाली पायांकडे बघायचा आणि मगच आत यायचा. एकदा मी चिडवलं, "आमच्या अंगणात साप आहे की काय?" "न्यूझीलंडमध्ये साप नसतात," तो गंभीरपणे म्हणाला, "ही माझ्या आजोबांची सवय." मग चहा गार होईपर्यंत आजोबांच्याच गोष्टी चालल्या. ते स्कॉटलंडमधल्या एका खाणकामगारांच्या गावचे, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे नावाजलेले गोलकीपर. डोक्यावर चपटी टोपी, अंगात जाड लोकरी जर्सी. त्या काळी गोलकीपरला आपल्या अर्ध्या मैदानात कुठेही चेंडू हाताळता यायचा. आजोबा चेंडूचे टप्पे मारत थेट मध्यरेषेपर्यंत धावायचे, आणि लोक तेच बघायला यायचे. पुढे नियम बदलला. गोलपुढच्या चौकटीबाहेर चेंडूला हात लावायचा नाही. आणि ऐन कपच्या सामन्यात आजोबा सवयीने टप्पे मारत रेषेबाहेर गेले... शिट्टी वाजली, फ्री किकवर गोल झाला, सामना गेला. क्लबने त्यांना काढलं. ते बोटीने इथे आले, गोदीत कामाला लागले आणि पुन्हा कधी मैदानावर गेले नाहीत. हातात पाव असो की तान्हं बाळ, उंबऱ्याशी मात्र थांबून पायांकडे बघत. लहानग्या ह्यूने ते उचललं.

"घरात सगळ्यांना तो एक फाउल तेवढा माहीत आहे," ह्यू म्हणाला. "त्यांनी अडवलेले गोल कुणी विचारत नाही."

"मला सांगा की मग."

बिचाऱ्याचा चेहरा असा खुलला! त्यानंतर दुपारमागून दुपार मी गोल ऐकले. मोडक्या बोटाने अडवलेला, धुक्यात नुसत्या आवाजावर अडवलेला. काही तर दोनदोनदा ऐकले. लोणचं तो टोस्टवर चीजसोबत खायचा, ते बघणं मात्र मला जड जायचं.

अंत्यविधीला त्याची मुलगी फियोना छान बोलली. पण बोलता बोलता म्हणाली, "डॅडचे आजोबा म्हणजे कप घालवणारे गोलकीपर!" लोक हसले. मला राहवेना. मी उठले आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत मोडक्या बोटाचा गोल सांगितला, मग धुक्यातला. नंतर फियोनाने मला मिठी मारली. "डॅडने आम्हाला हे कधी सांगितलंच नाही." सांगितलं असेल, बाई, तुम्ही ऐकलं नसेल, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

परवा ती ह्यूचं घर आवरायला आली. लोणचं मुरलं होतं, म्हणून ह्यूच्या वाटणीची बरणी घेऊन निघाले. आता ती कुणाला द्यायची, हेही धड कळत नव्हतं. त्याच्या फाटकाशी पोचले आणि पाय आपोआप थांबले. मी खाली बघत उभी राहिले. डोळे भरून आले होते, स्वतःचे पायही नीट दिसेनात.

दारातून फियोना बघत होती. "तुम्हीसुद्धा?" ती हळूच म्हणाली. मग पायऱ्या उतरून आली, फाटकापलीकडे उभी राहिली आणि म्हणाली, "आत या ना. तो धुक्यातला गोल मला पुन्हा सांगा."