पाहुणे आलेले सात दगड

लिंगू पटला. आधी हे नाव लिहितो, मग काय झालं ते सांगतो. आदिलाबाद जिल्ह्यात तलमडुगुकडच्या एका गुड्याचे, गोंडांच्या वस्तीचे, ते पटला, म्हणजे गावानं मानलेला माणूस. दुसरं नाव तहसीलदार मॅडमचं घ्यायला पाहिजे. पण त्या म्हणाल्या होत्या, माझं नाव कुठं घेऊ नका, मी ह्याचाच पगार घेते. म्हणून नुसतं मॅडम.

त्या दुपारी आमची क्रेन पोलीस स्टेशनच्या आवारात आडवी पडली होती. कडुनिंबाखाली आमच्या बायका आणि लेकरं. सोपानमामाचा उजवा हात सुजलेला, टॉवेलनं गळ्यात बांधलेला. आत साहेब तक्रार लिहायच्या तयारीत. म्हणे आम्ही विहिरीच्या नावाखाली गुप्तधन काढत होतो, आणि त्यासाठी गुड्याचा देव चोरला.

मी सातवीत शाळा सोडली. बीडकडून मामाच्या टोळीत विहिरी खोदायला निघालो, तो अजून खोदतोच आहे. आमच्या धंद्यात क्रेन म्हणजे लोखंडी पायांवर उभं केलेलं चाक आणि खाली डिझेल इंजिन. तारेच्या दोरानं बादली विहिरीत जाते. माणूस त्यातूनच उतरतो आणि मुरूम त्यातूनच वर येतो. क्रेन गेली की टोळी मोडली. आणि नावावर गुप्तधनाची केस पडली, तर ह्या मुलखात आम्हाला खोदायला कोण बोलावणार?

झालं होतं असं. काम नामदेवकाका म्हणून एका शेतकऱ्याच्या कापसाच्या रानात होतं. खोदायच्या आधी आम्ही सात आसरा मांडतो. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवी. सात गोल दगड काठावर ठेवायचे, शेंदूर लावायचा, नारळ फोडायचा. पाणी लागेपर्यंत ते दगड हलवायचे नाहीत. पहिली बादली त्यांच्यावर ओतायची. ह्यात तडजोड नसते. आसरा हलवल्या आणि विहिरीत माणूस दगावला, असं आमच्याकडं कुणीही सांगेल.

पण काळ्या रानात दगड सापडेनात. मामानं शिवेवरच्या मोहाच्या झाडाखालून सात आणले. छान गोल होते. तो गुड्याचा शिवेवरचा देव निघाला.

रोडकडच्या गावातल्या काही पोरांनी ते बघितलं. मोबाईलवर व्हिडिओ फिरवला, ‘महाराष्ट्रातून गुप्तधनवाले आलेत’. दुसऱ्या सकाळी काठ्या घेऊनच आले. मामाचा हात मोडला, पालं फाडली, क्रेन पाडून ट्रॅक्टरवर घातली आणि आम्हाला स्टेशनला आणलं. व्हिडिओ तोवर लांब गेला होता. आमच्याच भागातल्या आणखी दोन टोळ्यांना दुसऱ्या गावांतून हाकलून दिलं. त्यांनी तर कुणाच्या दगडाला हातही लावला नव्हता.

नामदेवकाका मोटारसायकलवर गुड्यात जाऊन पटलांना घेऊन आले. तक्रार आदिवासींच्या देवाची, म्हणून साहेबांनी मॅडमना कळवलेलं. पटला आणि मॅडम बरोबरच आत गेले. मी दारात उभा. चौकट धरून.

मॅडम हिंदीत म्हणाल्या, “पटला, देव आपका है. शिकायत आप करेंगे?”

पटला म्हणाले, “पहले देखके आता.”

मग माझ्याकडं वळून मराठीत, “घाबरून काऊन राह्यला रे? चाल, दाखव.”

सगळे रानात आलो. मॅडमची जीप, मागं साहेब, त्यांच्या मागं ती पोरंही. पटला आसरांसमोर उकिडवे बसले. शेंदूर ताजा होता. झेंडूचं फूल होतं. मार खायच्या आधी सकाळी मामीनंच वाहिलेलं.

“हे कोन व्हय?” त्यांनी मामाला विचारलं.

“सात आसरा, पटला. पाण्यातल्या बाया. रानात दगूडच घावंना. मोहाखाली दिसले, आणले. तुमचा देव हाय हे ठाव असतं तर हात लावला नसता.”

“इचारलं काऊन नाही?”

मामा म्हणाला, “दगडाला काय इचारायचं, असं वाटलं.”

पटला हसले. पोरांकडं बघून म्हणाले, “चोर देवाले शेंदूर लावते का रे?”

पोरांतला एक म्हणाला, “पण देव उचलला ना?”

“उचलला. ते आमी पाहू. तुले कोनी वकील केलं?”

मला वाटलं, सुटलो. पण पुढं अडलं. तोवर रानात आलेले गुड्यातले म्हातारे म्हणाले, देव आत्ताच परत पाहिजे. मामा म्हणाला, पाणी लागल्याशिवाय हलवता येत नाही, नाहीतर मी माझ्या पोरांना खाली उतरवणार नाही. मोडक्या हातानं दगडांपुढं उभा राहिला. मी मनात म्हटलं, आता ह्याला कोण समजावणार. साहेब पुढं झाले, तर मॅडमनी त्यांना हातानं थांबवलं. तो हात मला अजून आठवतो.

पटला म्हाताऱ्यांशी गोंडीत बराच वेळ बोलले. मग उठून धोतर झटकलं.

“पानी लागेपर्यंत आमचा देव तुमच्याइथं पाहुना. रोज दिवा लावा. पानी लागलं का आमी वाजतगाजत घ्याले येऊ.” मग मॅडमकडं वळून म्हणाले, “देवाचं मी पाह्यतो, मॅडम. हाताचं तुमी पाहा.”

मॅडमनी हाताचं पाहिलं. मारणाऱ्यांवर केस झाली. मामाला रिम्सला, म्हणजे आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात, जीपनं नेलं. क्रेन ज्या ट्रॅक्टरवरून गेली, त्याच ट्रॅक्टरवरून परत आली, आणि उतरवायला तीच पोरं होती. मान वर करत नव्हती.

मग मॅडम म्हणाल्या, व्हिडिओनं झालं ते व्हिडिओनंच निस्तरायला पाहिजे. पटला काठावर उभे राहून गोंडीत आणि तेलुगूत बोलले, नामदेवकाका मराठीत. हे मजूर आहेत, आमचा देव आम्ही त्यांच्याकडं ठेवलाय, कुणी त्रास देऊ नये. ऑफिसातून तो व्हिडिओ गावोगावच्या ग्रुपवर गेला. हाकललेल्या दोन टोळ्यांतली एक परत कामावर आली. दुसरी आली नाही. बोलावलं तरी आली नाही.

आम्ही परत खाली उतरलो. खरं सांगतो, तेव्हा मला जास्त भीती वाटत होती. पाणीच लागलं नाही तर? पाहुणा किती दिवस ठेवून घ्यायचा? मामा एका हातानं क्रेनचा ब्रेक धरायचा. पटला मधूनमधून यायचे, वाकून बघायचे, बिडी ओढून जायचे. पाण्याचं विचारायचे नाहीत.

शेवटी कातळाच्या फटीतून झरा फुटला. मी खालून ओरडलो. पहिली बादली मामीनं आसरांवर ओतली. संध्याकाळी गुडा ढोल घेऊन आला. म्हाताऱ्यांनी ते ओले, शेंदरी दगड तसेच टोपलीत घेतले. शेंदूर पुसला नाही.

मामाचा हात वाकडाच जुळला. आता आम्ही सात दगड गावाकडूनच पोत्यात घालून नेतो. टेम्पोवाला हसतो. आणि नव्या गावात गेलो की क्रेन उतरवायच्या आधी विचारतो, इथं पटला कोण? दगड आयता मिळाला म्हणजे तो कुणाचा नसतो असं नाही, एवढं शिकलो.

पटलांच्या गुड्यात बोरला तांबडं पाणी येतं. ते कधी बोलले नाहीत, मी पिऊन बघितलंय. माझी स्वतःची क्रेन झाली की पहिली विहीर तिथं. मजुरी नाही. आणि आसरांचे दगड पटलांनी निवडायचे.