आखडलेला हात

भिलाईचा कारखाना उभा राहत होता, तेव्हाची ही गोष्ट. अजून डोळे मिटले की ती लाल धूळ आणि अर्धवट बांधलेली धुराडी दिसतात. भंडाऱ्याकडची शेती भावावर सोपवून मी तिथे खलाशी म्हणून लागलो होतो, जहाजावरचा नव्हे, बांधकामावरचा. उंच लोखंडी सांगाड्यावर चढून दोर ओढायचे, तुळया जागेवर बसवायच्या. मुलगी चार महिन्यांची होती. एका सकाळी माझ्याच घाईने घरच्या स्टोव्हचा भडका उडाला आणि उजवा हात दंडापासून मनगटापर्यंत भाजला.

जखम भरली तेव्हा वाटलं, सुटलो. पण व्रण जुना होत गेला तसतशी कातडी आवळत गेली. कोपराच्या खळगीत दोरीसारखा ताठ पट्टा तयार झाला, हात वाकडाच राहिला. डॉक्टर म्हणाले, आतला स्नायू शाबूत आहे, पण व्रण त्याला लांबू देत नाही, आणि न वापरल्याने तो वाळतो आहे. रोज थोडं ताणा. मी एका दिवसात सगळं ताणायला गेलो. कातडी फाटली. मग हात लावायचीच भीती बसली. मुकादमाने महिन्याची मुदत दिली. शिडी धरता येत नाही तो खलाशी कसला?

देवीवर मी रुसलो होतो. कोहक्याच्या तळ्याकाठच्या तिच्या देवळात जाणं सोडलं होतं. एका दुपारी बायको म्हणाली, "तुमी नका बोलू तिच्याशी. माह्या नावानं नारळ तं ठेवून या."

नारळ घेऊन गेलो, तर देवळाच्या पायरीवर माती वाहणारी एक म्हातारी मजूरबाई बसली होती. माझा हात पाहून तिने लुगडं जरा वर सारलं. गुडघ्यामागे तसाच व्रण. लहानपणी चुलीत पडली होती म्हणे. तिने कनवटीची तेलाची बाटली काढली आणि अंगठ्याने माझा व्रण गोल गोल चोळत राहिली. तो मऊ पडल्यावर हात हलकेच सरळ केला, ओढ लागताच थांबली. "जोर झन कर बेटा," ती छत्तीसगढीत म्हणाली, "जतका देही, ततका ले." जोर करू नको, जेवढं देईल तेवढंच घे. मला रडू कोसळलं. भाजल्यापासून त्या हाताला मायेने कुणी शिवलंच नव्हतं. मीही नाही.

त्या दिवसापासून बायको रोज तेल चोळायची. "आज बोटभर वाढला जी!" म्हणायची. महिना संपला तेव्हा हात पुरता सरळ नव्हता, पण शिडीचा गज मुठीत आला. मुकादम म्हणाला, "चढ."

खाली उतरल्यावर त्या बाईला शोधलं. तिची टोळी दुसऱ्या कामावर गेली होती. नाव मी विचारलंच नव्हतं. "देवीच होती ते," बायको ठामपणे सांगायची, अगदी शेवटच्या आजारपणातही. मी वाद घातला नाही.

आता देवीपुढे उभा राहिलो की मागणं सुचत नाही. कधी आणि किती, ते तिच्यावर सोडतो, आणि माझ्या वाट्याचं तेवढं करायला घरी परततो.